पुढच्या भागाची वाट पाहताना

२९ जुलै २०२५ रोजी रात्री साडेदहा वाजता 'स्टार प्लस' वाहिनीवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका पुन्हा सुरू झाली आणि जवळजवळ सतरा वर्षांच्या खंडानंतर प्रेक्षकांनी विराणी कुटुंबाचा उंबरठा पुनश्च ओलांडला. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेली मूळ मालिका ६ नोव्हेंबर २००८ रोजी थांबली, तेव्हा तिचे १८३३ भाग झाले होते. पुनरागमनातही तुलसीची भूमिका स्मृती इराणी यांनीच केली. दिल्लीत जन्मलेल्या व वाढलेल्या या अभिनेत्रीने मधल्या काळात केंद्रीय मंत्रिमंडळात अनेक खाती सांभाळली. २०१७-१८ मध्ये तर खुद्द माहिती व प्रसारण खातेच त्यांच्याकडे होते. जुने घर, जुनी वेळ आणि ओळखीचे चेहरे पाहून प्रेक्षक सुखावले. कौतुकाचा पहिला भर ओसरल्यावर मात्र बोलणे कथेच्या गतीवर येऊन ठेपले. एका गटाला वाटे की, कथा फारच रेंगाळते. एक संशय निर्माण व्हायला आठवडा आणि तो फिटायला महिना लागतो. दुसऱ्या गटाची तक्रार नेमकी उलटी होती. पूर्वीची तुलसी देवघरात शांतपणे उभी राहून विचार करीत असे, आता तिला तेवढीही उसंत दिली जात नाही, असे या मंडळींना वाटे. तीच मालिका, तोच भाग आणि तक्रारी मात्र परस्परविरोधी!

हा वाद नवा नाही. त्याचे मूळ शोधू गेल्यास आपण मुंबईच्या चित्रनगरीत नव्हे, तर दिल्लीच्या वेशीवर जाऊन पोहोचतो. आज गुरुग्राम या नावाने ओळखले जाणारे गुडगाव तेव्हा काचेच्या मनोऱ्यांचे शहर झालेले नव्हते. तेथील एका चित्रीकरणगृहात १९८४ साली भारतातील पहिली प्रदीर्घ कौटुंबिक मालिका आकाराला आली. तिचे नाव 'हम लोग'. मंडी हाउसजवळच्या हिमाचल भवनात तालमी होत आणि दिल्लीच्या रंगभूमीवर वावरलेले कलावंत तेथून गुडगावला चित्रीकरणासाठी जात. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर पहिला भाग प्रसारित झाला. निम्नमध्यमवर्गीय घर, मद्यपी बसेसरराम, सोशिक भागवंती, नोकरीच्या शोधातला लल्लू, बडकी, मझली, छुटकी, क्रिकेटवेडा नन्हे आणि आजी-आजोबा एवढेच या कथेचे भांडवल होते.

या मालिकेच्या जन्मकथेत एका मराठी माणसाचा मोलाचा वाटा आहे, हे आज फारसे कुणाच्या स्मरणात नाही. विदर्भातील नेते वसंतराव साठे हे १९८० ते १९८२ या काळात केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री होते. रंगीत दूरदर्शनचा त्यांनी धरलेला आग्रह सर्वांना ठाऊक आहे. परंतु १९८२ मध्ये ते मेक्सिकोला गेले असता तेथील दूरचित्रवाणीवर त्यांनी जे पाहिले, त्याचा परिणामही दूरगामी ठरला. मिगेल साबिदो या निर्मात्याने तेथे मनोरंजन आणि लोकशिक्षण यांचा मेळ घालणाऱ्या मालिका रचल्या होत्या. १९७५ च्या त्यांच्या एका मालिकेने प्रौढ साक्षरतेचा, तर त्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या दुसरीने कुटुंबनियोजनाचा विषय घरोघरी नेला. असे काही भारतात करता येईल का, हा विचार साठे यांच्यासोबत दिल्लीस आला. ते त्या खात्यातून गेल्यानंतरही कल्पना मागे पडली नाही. साबिदो यांनी भारतात येऊन दूरदर्शनच्या मंडळींसाठी कार्यशाळा घेतली, लेखनाची जबाबदारी मनोहर श्याम जोशी यांच्याकडे आली आणि दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांच्याकडे.

साबिदो यांची पद्धत येथे थोडी समजून घ्यावयास हवी, कारण गतीच्या साऱ्या वादाची गोम तिच्यात आहे. त्यांच्या मालिकेत काही पात्रे ठाम चांगली, काही ठाम वाईट आणि काही मधली असत. ही मधली पात्रे चुकत, अडखळत, माघार घेत आणि अखेर सावकाश बदलत. प्रेक्षकाने ओळख सांगावी ती याच पात्रांशी. आता माणूस एका रात्रीत बदलत नाही; तो बदललेला दाखविला, तर प्रेक्षकाचा विश्वास बसत नाही. म्हणून ती कथा मुद्दाम संथ ठेवलेली असे. संथपणा हा त्या औषधाचा भागच होता म्हणा ना! मात्र मेक्सिकोत ते औषध आठवड्यातून पाच दिवस दिले जाई. 'हम लोग'चे सतरा महिन्यांत दीडशेहून थोडे अधिक भाग झाले, म्हणजे आठवड्याला सरासरी दोन. एक भाग सुमारे बावीस मिनिटांचा. त्यामुळे मेक्सिकोत एका आठवड्यात पार पडणारा प्रसंग दिल्लीत तीन आठवडे रेंगाळू लागला. पद्धत तीच ठेवून मात्रा मात्र निम्म्याहून कमी केली गेली, हे त्या वेळी किती जणांच्या ध्यानात आले असेल कोण जाणे.

परिणाम व्हायचा तो झालाच. पहिले तेरा भाग प्रेक्षकांना मानवले नाहीत. कथा पुढे सरकत नाही आणि कुटुंबनियोजनाचा उपदेश मात्र जागोजागी डोके वर काढतो, अशी तक्रार होऊ लागली. लोकांना गोष्ट हवी होती, व्याख्यान नको होते. मालिकेला मॅगी नूडल्सचे प्रायोजकत्व लाभले होते. भारतीय दूरचित्रवाणीवर खासगी प्रायोजक घेऊन मालिका दाखविण्याचा तो अगदी आरंभीचा प्रयोग होता. उपदेश ऐकून प्रेक्षक उठून जात असतील, तर ते सरकारला चालले असते, प्रायोजकाला परवडले नसते. तेराव्या भागानंतर कथेची वाट बदलण्यात आली. कुटुंबनियोजनाचा विषय मागे सारला गेला आणि हुंडा, व्यसन, मुलींचे शिक्षण, सुनेचे घरातील स्थान, आई-मुलींमधील ताण हे प्रश्न गोष्टीच्या ओघात येऊ लागले. मनोहर श्याम जोशी मुळात पत्रकार आणि कादंबरीकार होते. दिल्लीतील सामान्य माणसाच्या बोलीचे बारकावे त्यांना उत्तम अवगत होते. त्यांनी पात्रांना बोलू दिले आणि प्रेक्षक परतले.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. बदलानंतर कथेचा वेग फारसा वाढला नव्हता. बडकीच्या लग्नाला कित्येक महिने लागलेच. तरीही संथपणाची तक्रार मावळली. याचा अर्थ, प्रेक्षक जेव्हा 'कथा हळू चालते' असे म्हणतो, तेव्हा त्याला दर वेळी वेगच हवा असतो असे नाही. पात्राची काळजी वाटेनाशी झाली की पाच मिनिटेही जड जातात आणि ती वाटत असली की, बडकी आणि डॉक्टर अश्विनीकुमार यांच्यातील एका न बोललेल्या वाक्यासाठी लोक चार-चार दिवस थांबतात.

थांबतात आणि पत्रे लिहितात! 'हम लोग'च्या काळात दूरदर्शनकडे प्रेक्षकांची चार लाखांहून अधिक पत्रे आली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी पुढे या मालिकेचा सविस्तर अभ्यास केला आणि पत्रांचीही छाननी केली. भागाच्या शेवटी ज्येष्ठ अभिनेते अशोककुमार पडद्यावर येत, घडलेल्या प्रसंगावर चार शब्द बोलत, प्रेक्षकांना प्रश्न विचारीत आणि मालिकेच्या नावाची निरनिराळ्या भारतीय भाषांतील रूपे उच्चारून निरोप घेत. कितीतरी पत्रे त्यांच्याच नावे येत, जणू काही घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे दाद मागावी तशी. बडकीने अश्विनीकुमारशी लग्न करावे, असे तरुण मुलींनी आग्रहाने कळविले. ते लग्न पडद्यावर लागले त्या दिवशी उत्तर भारतातील अनेक बाजारपेठांत दुकाने लवकर बंद झाली आणि अभिनंदनाच्या तारा आल्या. इन्स्पेक्टर समदरची दृष्टी गेली, तेव्हा नेत्रदानाची तयारी दर्शविणारी पत्रे आली. आजी कर्करोगाने आजारी पडली, तेव्हा तिला एवढ्यात जाऊ देऊ नका, अशी विनवणी झाली. सुषमा सेठ यांनी साकारलेली ही आजी प्रेक्षकांना इतकी जवळची झाली होती की, तिचे आयुष्य मूळ बेतापेक्षा लांबविण्यात आले. मझलीची भूमिका करणाऱ्या दिव्या सेठ या त्यांच्या कन्या, हे येथे सहज सांगावयास हरकत नाही.

मृत्यू लांबविणे म्हणजे काय? तोही गतीचाच प्रश्न होय. पहिल्या तेरा भागांत प्रेक्षकांनी 'जरा पुढे चला' म्हटले होते. आजीच्या वेळी त्यांनीच 'थोडे थांबा' म्हटले. पत्र लिहून ते टपालपेटीत टाकायचे, ते मंडी हाउसला पोहोचायचे, तेथे कुणीतरी वाचायचे आणि लेखकाच्या कानी घालायचे, या साऱ्याला दिवस लागत. पण आठवड्याला दोनच भाग होत असल्याने लेखकाला ते ऐकून विचार करण्याइतका अवधी मिळे. त्या संथ वेळापत्रकाचा हा एक अनपेक्षित लाभ होता.

दिल्लीत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही ही मालिका आपली वाटली, यात नवल नाही. करोल बाग असो की रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहती, मराठी कार्यक्रम दूरदर्शनवर दिसण्याची सोय तेव्हा दिल्लीत नव्हती. संच प्रत्येक घरी नसे. शेजारच्या पंजाबी, बंगाली, तमिळ कुटुंबांबरोबर एकाच खोलीत दाटीवाटीने बसून मालिका पाहिली जाई आणि पुढचा भाग येईपर्यंत तिची चर्चा जिन्यात, पाण्याच्या नळावर, कार्यालयाच्या बसमध्ये चालू राही. म्हणजे बावीस मिनिटांची मालिका प्रत्यक्षात तीन-चार दिवस चाले. पडद्यावरचा वेळ आणि प्रेक्षकांच्या मनातला वेळ यांचा हिशेब असा निराळा असतो.

सन २००० नंतर हा हिशेब पार बदलला. मालिका दैनंदिन झाल्या. रोज एक भाग द्यावयाचा म्हणजे कथेचा साठा पुरवून पुरवून वापरणे आले. एका कटाक्षावर तीन वेळा झेपावणारा कॅमेरा आणि प्रत्येक झेपेला ढोलाचा ठोका, ही त्या काळची खूण झाली ती उगाच नव्हे. ज्या दिवशी सांगण्यासारखे अर्धेच असे, त्या दिवशी उरलेली मिनिटे ती भरून काढी. पत्रांची जागा प्रेक्षकसंख्येच्या साप्ताहिक आकड्यांनी घेतली. आकडा वर गेला की प्रसंग लांबे, खाली आला की कथेला वळण मिळे. पत्र लिहिणारा काय खटकले ते सांगत असे. आकडा फक्त तो उठून गेला एवढेच सांगतो. तरीही प्रेक्षकांचा आवाज अगदीच दबला नव्हता. 'क्योंकि'मधील मिहिरचा मृत्यू दाखविला गेला, तेव्हा इतका हलकल्लोळ झाला की, त्याला स्मृतिभ्रंशाच्या निमित्ताने कथेत परत आणावे लागले. पुढे त्याच कथेने एका उडीत वीस वर्षे ओलांडली. महिनोन्महिने एकाच दिवाणखान्यात अडकून पडलेली कथा अचानक वीस वर्षे पुढे जाते, हे मालिकांच्या जगातले कालगणित खरोखरच अजब म्हणावे लागेल. मराठीतही 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भागांपर्यंत गेली. नावात चारच दिवस होते, हा विनोद त्या काळी घरोघरी झाला.

जुनी मालिका पुन्हा दाखविली जाते, तेव्हा गतीचा आणखी एक पैलू समोर येतो. रामानंद सागर यांचे 'रामायण' ही काही कौटुंबिक मालिका नव्हे, पण तिचा अनुभव येथे उपयोगी पडतो. २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेली ही मालिका मुळात ५२ भागांची ठरली होती. लोकाग्रहास्तव ती ७८ भागांपर्यंत वाढली आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपली. दर रविवारी सकाळी एकच भाग. टाळेबंदीच्या काळात २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने तीच मालिका सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशी दिवसातून दोनदा नवे भाग देत दाखविली. १६ एप्रिल रोजी ती ७ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. दीड वर्षाचा प्रवास तीन आठवड्यांत आटोपला. चित्रफितीतले एक दृश्यही बदललेले नव्हते. दोन बाण आकाशात समोरासमोर येऊन थबकतात, तेथे नव्या पिढीला हसू येई आणि आजोबांना वाटे की, वनवास किती लवकर संपला! ज्यांनी १९८७ मध्ये सीताहरणानंतर आठवडा-आठवडा कळ सोसली होती, त्यांना ती हुरहूर या वेळी जेवणापुरतीच उरली.

परदेशातही असे घडले आहे. अमेरिकेत 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टु लिव्ह' या दोन मालिका चाळीस वर्षांहून अधिक काळ चालून बंद पडल्या होत्या. २९ एप्रिल २०१३ रोजी त्यांना इंटरनेटच्या माध्यमातून पुनर्जन्म देण्यात आला. प्रत्येकीचे आठवड्याला चार नवे भाग दिले जाऊ लागले. काही आठवड्यांतच निर्मात्यांना ते दोनवर आणावे लागले. कारण मोठे गमतीदार होते. प्रेक्षक आता ठरावीक वेळी बसत नव्हते. सवडीने, भाग साठवून पाहत होते आणि दोन मालिकांचे मिळून आठ भाग त्यांच्या आवाक्यात राहत नव्हते. रोज दुपारी न चुकता बसणाऱ्या जुन्या चाहत्यांना ही कपात रुचली नाही. त्यांना तर पाचही दिवस हवे होते. दोन्ही मालिका त्यानंतर फार काळ तगल्या नाहीत.

'क्योंकि'च्या पुनरागमनाच्या वेळी निर्मात्या एकता कपूर यांनी ही अडचण आधीच ओळखली असावी. नवे पर्व मर्यादित भागांचे, सुमारे १५० भागांचे असेल आणि त्यामुळे मालिकेचा एकूण आकडा दोन हजारांच्या घरात पोहोचेल, असे त्यांनी सांगितले होते. शेवट ठाऊक असलेली दैनंदिन मालिका ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. प्रेक्षकाने हे आश्वासन मनावर घेतले तर तो हिशेब मांडू लागतो. मिहिरच्या आयुष्यात नोयना आली आणि ते प्रकरण आठवड्यांमागून आठवडे चालले, तेव्हा जुन्या चाहत्यांची चुळबुळ त्यातूनच आली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. अंत नसलेल्या मालिकेत एखादा महिना वाया गेला तर हरकत नसते; मोजक्या भागांच्या मालिकेत तो उधळपट्टी वाटतो. शिवाय पाहण्याची रीतही पालटली. वाहिनीवर रात्री साडेदहाला दिसणारी तुलसी भ्रमणध्वनीवरही उपलब्ध असते. गुरुग्रामहून दिल्लीला मेट्रोने निघालेल्या नोकरदाराचा एक भाग प्रवासात सहज पाहून होतो, आणि बोटाच्या एका स्पर्शाने दहा सेकंद पुढे जाण्याची सोय हाताशी असल्यावर देवघरातील निःशब्द क्षण पहिल्यांदा बळी पडतो. त्याच नोकरदाराची आई मात्र घरी संचासमोर बसून तोच क्षण पूर्ण पाहते. मायलेकांनी दुसऱ्या दिवशी मालिकेबद्दल बोलायचे ठरविले, तर दोघांनी वेगवेगळी मालिका पाहिली आहे की काय, असा प्रश्न पडावा.

लोकशिक्षणाचा जुना धागाही या पर्वात पुन्हा दिसला. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिल गेट्स हे पाहुणे म्हणून या मालिकेत आले आणि त्यांनी तुलसीशी दूरसंवादाद्वारे गरोदर माता व नवजात बालकांच्या आरोग्याविषयी संभाषण केले. १९८४ च्या आरंभीच्या भागांप्रमाणे हा विषय तेरा भाग ताणला गेला नाही; चटकन आला आणि गेला. साबिदो असते तर त्यांनी विचारले असते की, इतक्या घाईने सांगितलेले किती जणांच्या लक्षात राहिले? उलट, 'हम लोग'च्या पहिल्या प्रेक्षकाला विचारले असते तर त्याने या घाईचे स्वागतच केले असते. येथे पारडे कुणाकडे झुकवावे, याचा निवाडा सोपा नाही. 'हम लोग'च्या अभ्यासकांना तर असेही आढळले होते की, सोशिकपणाचे दुष्परिणाम दाखविण्यासाठी योजलेली भागवंती अनेक स्त्रियांना आदर्श वाटली. सतरा महिने सावकाश सांगूनही जे सांगायचे तेच पोहोचले असे झाले नाही.

१७ डिसेंबर १९८५ रोजी 'हम लोग'चा अखेरचा भाग प्रसारित झाला. पहिल्या तेरा भागांना कंटाळलेल्या प्रेक्षकांनाच आता निरोप जड गेला. बडकी झालेल्या सीमा भार्गव आणि याच मालिकेत काम करणारे मनोज पाहवा यांचा पुढे प्रत्यक्षात विवाह झाला, ही बातमी कित्येकांनी घरच्या कार्यासारखी ऐकली. मनोहर श्याम जोशी यांनी लगेच दुसरी मालिका लिहावयास घेतली. 'हम लोग'चे कुटुंब वर्तमानाच्या एका घरातून फारसे हलले नव्हते. नवी कथा मात्र फाळणीच्या आधीपासून निघून काही दशके ओलांडणारी होती, लाहोरहून दिल्लीला येणारी. १९८६ मध्ये 'बुनियाद' सुरू झाली आणि करोल बागेतल्या त्याच खोल्यांमधून, त्याच शेजाऱ्यांसह, लोक वेळेच्या पाच मिनिटे आधी संचासमोर येऊन बसू लागले.